चिपमधली तांब्याची तार आणि यंत्रवाल्यांची शर्यत

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर मोठमोठे वक्ते येऊन गेले आहेत. यंदा कार्यवाहांनी माझ्यावर जबाबदारी टाकली आणि विषयही तेच देऊन गेले. म्हणाले, "धोलेऱ्याला चिपचा कारखाना येतोय, सगळे त्यावर बोलतात, नीट कोणी सांगत नाही. तुम्ही इलेक्ट्रिकलचे, तुम्ही बोला." मी राज्य सरकारच्या मार्ग व मकान खात्यात विद्युत शाखेत नोकरी करतो. शिक्षण डिप्लोमा. चिपच्या कारखान्यात मी काम केलेले नाही. पण वायरिंग करवून घेणे हे माझे रोजचे काम, आणि चिपमध्येही अर्धी गोष्ट वायरिंगचीच असते. तेव्हा तेवढ्याच बाजूने बोलतो.

आपल्यापैकी जे जुन्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिले आहेत त्यांना आठवत असेल, पूर्वी घरात ॲल्युमिनियमची वायर असायची. लाकडी पट्टीवर ठोकलेली. ॲल्युमिनियम स्वस्त, हलके, पण त्याची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्के. शिवाय स्क्रूखाली ते हळूहळू दबते, जोड सैल होतो, सैल जोड तापतो. आम्ही अशा कितीतरी इमारतींचे वायरिंग काढून तांब्याचे घातले. घरात हा बदल सोपा असतो. जुनी ओढून काढा, नवी घाला.

चिपमध्येही सुरुवातीपासून ॲल्युमिनियमच होते. बोटाच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर खाली ट्रान्झिस्टर म्हणजे स्विच, आणि त्यांच्यावर मजल्यांवर मजले तारांचे. हल्लीच्या अव्वल चिपमध्ये अशा तारांची एकूण लांबी ६० मैलांहून जास्त भरते. म्हणजे इथून निघालात तर जवळजवळ अहमदाबादच्या वेशीपर्यंत. हे सगळे एका नखावर.

आता घरात ॲल्युमिनियमची वायर कमी पडली तर आपण जाड वायर घेतो. चिपमध्ये जाडी वाढवायला जागाच नाही. उलट दर दोन-तीन वर्षांनी सगळे लहान करायचे. तार बारीक झाली की रोध वाढतो, तारा जवळ आल्या की एकमेकींना अडवतात, आणि स्विच कितीही चपळ केला तरी निरोप तारेतच रेंगाळतो. दुसरी अडचण वेगळीच. विश्वामित्रीला पूर आला की काठाची माती खचून वाहून जाते, तसे बारीक तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन धातूचे अणूच ढकलत नेतात. एका टोकाला खड्डा पडतो, दुसऱ्या टोकाला ढिगारा साचतो, आणि एक दिवस तार तुटते. तांब्याचे अणू जड, घट्ट बसलेले, ते सहज वाहत नाहीत. रोधही सुमारे ३५ ते ४० टक्के कमी. मग तांबे आधीच का घातले नाही?

कारण चिपच्या कारखान्यात तांबे ओवळे. आपल्याकडे पूजेचे ताम्हण, पळी, पंचपात्र सगळे तांब्याचे, पण सिलिकॉनला तांबे विष. ते आत झिरपते, वेगाने पसरते आणि स्विच बिघडवते. आजही अशा कारखान्यांत तांब्याचा हात लागलेली चकती परत आधीच्या खोलीत जाऊ देत नाहीत, तांब्याच्या कामाची यंत्रे वेगळी ठेवतात. आपल्या आजीचे सोवळे त्यापुढे काहीच नाही. (चकती म्हणजे वेफर. बटाट्याचे नव्हे, सिलिकॉनचे.)

दुसरी अडचण अधिक अवघड. ॲल्युमिनियमचा पत्रा चकतीवर पसरायचा आणि नको तेवढा भाग क्लोरीनच्या वायूने खाऊन टाकायचा, अशी जुनी रीत होती. ॲल्युमिनियम वाफ होऊन निघून जाते. तांबे जात नाही. त्याचे क्लोराइड तिथेच चिकटून बसते. कापता न येणारा कपडा शिवायचा तरी कसा?

त्याचे उत्तर आयबीएमच्या प्रयोगशाळेत निघाले, आणि ते आपल्याला ओळखीचे वाटेल. हैदराबादच्या नातेवाइकांकडे बिदरी कामाची सुरई किंवा डबी पाहिली असेल. काळ्या धातूत नक्षीची खाच कोरायची, तिच्यात चांदी ठोकून बसवायची आणि वरून घासून एकसारखे करायचे. दमास्कसच्या तलवारींवर अशीच सोन्याची नक्षी असायची, म्हणून चिपवाले या रीतीला 'डॅमासीन' म्हणतात. तांबे कापायचेच नाही. आधी काचेसारख्या थरात खाच खणायची, तिला टँटलमचे पातळ अस्तर लावायचे म्हणजे तांबे बाहेर झिरपणार नाही, त्यावर तांब्याचा नावापुरता थर, मग खाच तांब्याने भरायची आणि वरचे जास्तीचे घासून टाकायचे.

सप्टेंबर १९९७मध्ये आयबीएमने हे जाहीर केले, मोटोरोलाही मागोमाग होतीच, आणि १९९८मध्ये आयबीएमच्या तांब्याच्या चिपा बाजारात आल्या.

मंडळी, आता खरी गंमत. खाच भरायची कशी? चिपच्या जगात प्रतिष्ठा होती ती निर्वात यंत्रांची. हवा काढून टाकलेल्या चकचकीत पेटीत धातूचे अणू उडवून थर द्यायचा, हे उच्च कुळातले काम. आयबीएमच्या लोकांनी मात्र निवडले काय, तर प्लेटिंगची टाकी. आपल्याकडे नळाच्या तोट्यांना, सायकलच्या हँडलला मुलामा चढवणारे कारखाने असतात, ॲसिडचा वास येणारे, तीच जात. टाकीत काय, तर मोरचूद, गंधकाम्ल आणि थोडे क्लोराइड. मोरचूद म्हणजे द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात घालतात तोच निळा खडा. अब्जावधी डॉलरच्या कारखान्यात मोरचुदाची टाकी आणायची, हे ऐकून जाणकारांनी कपाळाला हात लावला असेल तर त्यात नवल नाही.

पण टाकीत एक करामत होती. अरुंद तोंडाच्या बरणीत लोणचे घाईने भरले तर तोंडाशी गच्च होते आणि आत हवा अडकते. खाचेत तसेच होते. सगळीकडे सारखे तांबे चढले तर तोंड आधी बंद होते आणि आत पोकळी राहते. म्हणून टाकीत दोन-तीन सेंद्रिय द्रव्ये थेंबाथेंबाने घालतात. एकाचे रेणू मोठे, ते वरच्या पृष्ठावर आणि तोंडाशी बसून तांब्याला धरून ठेवतात. दुसऱ्याचे लहान, ते खाली तळाशी जमतात आणि तिथे काम वेगाने करवतात. तळ जसा वर येतो तशी जागा आकसते, लहान रेणूंची गर्दी वाढते, वेग आणखी वाढतो. खाच तळापासून वर भरत येते, विहिरीला पाणी लागावे तशी. मी पहिल्यांदा हे वाचले तेव्हा दोनदा वाचले. इतकी साधी टाकी आणि इतकी शहाणी.

माझ्या विषयातली एक गोष्ट सांगतो. या टाकीत वीज चकतीच्या कडेने आत शिरते. तांब्याचा पहिला थर अतिशय पातळ, म्हणजे त्याचा रोध जास्त. त्यामुळे कडेला पूर्ण दाब आणि मध्यावर कमी, लांबच्या पंपाला बारीक केबल टाकली की मोटर रडते तसे. चकती २०० मिलिमीटरची होती तोवर निभावले, ती ३०० मिलिमीटरची झाल्यावर ही डोकेदुखी फार वाढली. कोणत्या कंपनीचे यंत्र मध्यापासून कडेपर्यंत सारखा थर देते, यावर ऑर्डरी ठरू लागल्या. म्हणजे व्होल्टेज ड्रॉपचाच हिशेब. आमच्या खात्यात तो रोज करतो.

आता शर्यतीतले गडी. कॅलिफोर्नियात सांता क्लाराला अप्लाइड मटेरियल्स, सगळ्यांत मोठी. अस्तर आणि तांब्याचा पहिला थर देणारी निर्वात यंत्रे तिची, एंड्युरा नावाची, त्यात तिला तोड नव्हती. घासायची यंत्रेही तिच्याकडे होती. नव्हती ती मधलीच, टाकी. शेजारी सॅन होजेला नोव्हेलस, तुलनेने लहान. आणि तिसरी सेमीटूल, ती तर कॅलिफोर्नियातही नाही. कॅनडाच्या सीमेजवळ मोंटाना राज्यात, डोंगरात, कॅलिस्पेल नावाच्या गावात. ओल्या कामाची, म्हणजे धुण्याची आणि प्लेटिंगची यंत्रे हाच तिचा पिढीजात धंदा म्हणा.

पहिला डाव नोव्हेलसने जिंकला. माझ्या मते त्याचे कारण यंत्राच्या पत्र्यात नाही, सोबतीत आहे. तिने आयबीएमबरोबर बसून सेबर नावाचे यंत्र तयार केले आणि १९९८मध्ये बाजारात आणले. ज्याने खाच भरण्याची विद्या शोधली त्याच्याच अंगणात यंत्र घडले. अप्लाइडचे टाकीयंत्र त्यानंतर आले. प्रत्येक कारखान्यात जिचा माणूस बसलेला, ती अप्लाइड टाकीत मात्र नोव्हेलसच्या मागे राहिली. निर्वात यंत्रांत ती राजा, पण रसायनाच्या टाकीला वेगळा हात लागतो.

अप्लाइडचे म्हणणे असे, की खाच, अस्तर, टाकी, घासणे सगळे आमच्याकडूनच घ्या, एका छताखाली, बिघडले तर एकच जबाबदार. आम्ही टेंडरमध्ये 'टर्न-की' म्हणतो ते हेच. त्याला उत्तर म्हणून नोव्हेलसने लॅम रिसर्च आणि घासण्याची यंत्रे करणाऱ्यांना सोबत घेऊन आघाडी केली. तिचे नाव दमास्कस. आघाड्यांचे पुढे काय होते ते आपण राजकारणात पाहतोच. नोव्हेलस दुसऱ्यांवर विसंबून राहिली नाही. १९९७लाच तिने व्हेरियन कंपनीचा पातळ थरांचा विभाग घेऊन ठेवला होता, २००२मध्ये घासण्याची यंत्रे करणारी स्पीडफॅम-आयपेकही घेतली. म्हणजे तीही एका छताखालीच आली.

डोंगरातल्या सेमीटूलने पेटंट मोडल्याचा दावा नोव्हेलसवर लावला. अमेरिकेत यंत्रवाल्यांची निम्मी लढाई कोर्टातच चालते. तारखा, वकील, तडजोड, सगळे आपल्यासारखेच, फक्त फी डॉलरमध्ये. शेवट असा झाला, की २००९च्या अखेरीस अप्लाइडने सुमारे ३६ कोटी डॉलर मोजून सेमीटूलच विकत घेतली. जी टाकी स्वतः नीट जमली नव्हती ती सरळ घरात आणली. आणि नोव्हेलस? डिसेंबर २०११मध्ये सौदा जाहीर झाला, २०१२मध्ये ती लॅम रिसर्चमध्ये विलीन झाली, सुमारे ३३० कोटी डॉलरला. दमास्कस आघाडीतले दोघे असे अखेर एका घरात आले. सेबर यंत्र आजही लॅमच्या नावाने विकले जाते.

या कथेत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. तांब्याची विद्या आयबीएमची, तिने वर्षानुवर्षे खर्च केला. पण २०००मध्ये एएमडीने जर्मनीत ड्रेस्डेनला तांब्याच्या चिपा काढल्या, २००१मध्ये इंटेलने. चार वर्षांत सगळ्यांकडे तांबे. मक्तेदारी टिकली नाही. विद्या बऱ्याच अंशी यंत्रात उतरली होती, आणि यंत्र पैसे मोजेल त्याला मिळत होते.

मग यंत्र घेतले की काम झाले का? तैवानची गोष्ट ऐका. तिथे दोन मोठ्या कंपन्या, टीएसएमसी आणि यूएमसी. ०.१३ मायक्रॉनच्या पिढीला तांब्याचे तंत्र लागणार होते. यूएमसीने आयबीएमशी भागीदारी केली. टीएसएमसीने आयबीएमचे तंत्र घेतले नाही, स्वतःच्या माणसांना कामाला लावले. यंत्रे दोघांनाही त्याच बाजारात मिळत होती. टीएसएमसी पुढे गेली आणि ते अंतर पुन्हा भरून निघाले नाही. टाकी विकत मिळते. कोणत्या थेंबाने तळ आधी भरतो, पाणी जुने झाले की काय बिघडते, हे टाकीजवळ उभे राहणाऱ्यालाच कळते.

आज शर्यत तांब्यावरून अस्तरावर आली आहे. तार इतकी बारीक झाली, की अस्तराने जागा खाल्ली. दहा फुटांच्या खोलीला तीन फुटांच्या भिंती बांधल्या तर माणसाने राहायचे कुठे? तांब्यात इलेक्ट्रॉन धडकेशिवाय साधारण ४० नॅनोमीटर जातो. तारच त्याहून बारीक झाली की तो भिंतींवर आपटत जातो आणि पुस्तकातला रोध लागू पडत नाही. अप्लाइडने २०२१मध्ये सात प्रक्रिया एकाच निर्वात यंत्रात जोडून दाखवल्या, म्हणजे मध्ये हवा लागायला नको. २०२४मध्ये रुथेनियम आणि कोबाल्टचे मिश्र अस्तर आणले, जाडी २ नॅनोमीटर, आधीपेक्षा एक तृतीयांशाने कमी. त्याने तारेचा रोध २५ टक्क्यांपर्यंत उतरतो असे कंपनीचे म्हणणे. इंटेलने मध्यंतरी १० नॅनोमीटरच्या पिढीत खालच्या मजल्यांवर तांब्याऐवजी कोबाल्ट घालून पाहिले, आणि पुढे पुन्हा तांब्याकडे वळली. लॅमने २०२५मध्ये मॉलिब्डेनमचा थर देणारे यंत्र बाजारात आणले. मॉलिब्डेनमला बहुतेक ठिकाणी अस्तर लागतच नाही. सध्या ते मुख्यतः टंगस्टनच्या जागी चालते. तांब्याला बाजूला सारेल का हे लॅम आणि अप्लाइड एकमेकांकडे बघत ठरवतील.

आणखी एक बाजू. ऑक्टोबर २०२२मध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिपयंत्रे देण्यावर बंधने घातली. सेमीटूलच्या त्या टाकीसारखी यंत्रे आता शांघायमध्ये बनू लागली आहेत. अडवले तर माणूस शिकतो, पण त्यात वर्षे जातात.

आता आपल्याकडे येतो. साणंदला मायक्रॉनचा जो कारखाना आहे तो चिपा तपासून बांधण्याचा. तिथे चकतीवर तांब्याच्या तारा काढत नाहीत. ते काम धोलेऱ्याचे. टाटा आणि तैवानची पॉवरचिप यांच्या त्या प्रकल्पाला २९ फेब्रुवारी २०२४ला केंद्राची मंजुरी मिळाली, १३ मार्चला पायाभरणी झाली. खर्च ९१ हजार कोटी, महिन्याला ५० हजार चकत्या, २८ नॅनोमीटरपर्यंतच्या चिपा. २८ नॅनोमीटर म्हटले की तांबे आलेच, टाकी आली, अस्तर आले. या खर्चाचा मोठा भाग इमारतीत जात नाही, यंत्रांत जातो, आणि तांब्याची ही यंत्रे भारतात बनत नाहीत. अप्लाइडने २०२३मध्ये भारतात अभियांत्रिकी केंद्रासाठी चार वर्षांत ४० कोटी डॉलर घालण्याचे जाहीर केले, लॅमने ६० हजार भारतीय अभियंत्यांना प्रशिक्षण देण्याचे. चांगली गोष्ट आहे. आपल्या वर्तमानपत्रांत मात्र 'भारतात बनलेली चिप' एवढाच मथळा दिसतो, यंत्र कोणाचे हे कोणी विचारत नाही. मी विचारतो म्हणून ऑफिसमध्ये मला निराशावादी म्हणतात. पण मीटर बसवताना आधी तो कोणाच्या मालकीचा हे बघायची सवय आहे, काय करणार.

आणि आपल्या मंडळात एक गोष्ट मी वर्षानुवर्षे पाहतो. मुलगा कॉम्प्युटरला गेला की पेढे, डिप्लोमाला गेला की आई सांगताना आवाज खाली आणते. चिपच्या कारखान्यात प्रत्येक यंत्राशेजारी यंत्र कंपनीचे आणि कारखान्याचे देखभाल करणारे तंत्रज्ञ रात्रंदिवस पाळीने असतात. पंप, झडपा, रोबोटचा हात, वीजपुरवठा, टाकीतल्या द्रव्याचे प्रमाण. यात संगणकाचा कार्यक्रम लिहिणारा एकटा काही करू शकत नाही. हे काम पॉलिटेक्निकचे आहे. केमिकलचा, इलेक्ट्रिकलचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा घेतलेली मुले तिथे हवीत. मराठी घरांतली किती जातील, हे आज या सभागृहात बसलेल्या आईवडिलांच्या बोलण्यावर अवलंबून आहे.

आरतीची वेळ होत आली, मी आवरतो. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या वाचनालयात दहावी, बारावी आणि डिप्लोमाच्या मुलांसाठी बसणार आहे. मोरचुदाचे पाणी, एक बॅटरी, तांब्याची तार आणि जुनी किल्ली घेऊन प्लेटिंग करून दाखवीन. मोरचूद विषारी आहे, तेव्हा लहान भावंडांना घेऊन येऊ नये, आणि जुने कपडे घालून यावे. डाग निघत नाहीत.